दुसरे गिऱ्हाईक कुठे आहे? समूहवादी अर्थनीती आणि स्वातंत्र्याविषयी वाचकांचे प्रश्न

खरेदी-विक्री, जमीन, कारखाने, किमती हे सगळे सरकारच्या किंवा समूहाच्या हाती गेले की पुढेमागे माणसाचे इतर स्वातंत्र्यही जाते का, असा प्रश्न मागच्या अंकातील एका पत्रात आला होता. त्यावर बरीच पत्रे आली. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

कापूस एकाधिकार योजनेच्या काळात आमच्या घरचा सगळा कापूस पणन महासंघाला जायचा. तक्रार असायची ती चुकाऱ्याची. स्वातंत्र्य गेले असे कोणी म्हणत नव्हते. मग हे म्हणणे ओढूनताणून आणलेले नाही का? (यवतमाळ)

तुमच्या घरची तक्रार चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे मिळण्याची होती, कारण दुसरे गिऱ्हाईक असू शकते ही शक्यताच कायद्याने काढून घेतली होती. महाराष्ट्र कच्चा कापूस (खरेदी, संस्करण व पणन) कायदा १९७१ चा. योजना १९७२-७३ च्या हंगामात सुरू झाली, पुढच्या हंगामात खंड पडला आणि १९७४-७५ पासून ती पुन्हा लागू झाली. राज्यात पिकलेला कापूस सरकारच्या वतीने पणन महासंघच घेणार, दुसऱ्या कोणी घ्यायचा नाही आणि परवान्याशिवाय तो राज्याबाहेर न्यायचा नाही, हा तिचा गाभा. हेतू वाईट नव्हता. खेडा खरेदीत काटा मारणारा, सणाच्या तोंडावर भाव पाडणारा व्यापारी बाजूला करायचा, भावाची हमी द्यायची आणि जमलेच तर पीककर्जाची वसुलीही करून घ्यायची.

प्रत्यक्षात कापूस बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये भरून संकलन केंद्रावर न्यायचा. केंद्रावर सातबारा पाहिला जाई, म्हणजे कापूस तुमच्याच शेतातला आहे याची खात्री. मग ग्रेडर हात घालून प्रत ठरवी. ग्रेडरचा शब्द पटला नाही तर खुल्या बाजारात शेतकरी गाडी वळवून दुसऱ्या अडत्याकडे नेतो. इथे गाडी वळवायला जागाच नव्हती. फार तर दुसऱ्या केंद्रावर जा, तिथेही ग्रेडर त्याच महासंघाचा. वजन झाले की पावती. चुकाऱ्यातून सोसायटीचे कर्ज वळते व्हायचे, पुढे ३ टक्के भांडवल निधीही कापला जाऊ लागला आणि उरलेली रक्कम हाती यायची. जिनिंग-प्रेसिंग होऊन रुईच्या गाठी विकल्या गेल्यावर फायदा उरलाच तर वाढीव रक्कम नंतर. म्हणजे भाव, प्रत, वजन, वसुली आणि पैसे मिळण्याची तारीख या पाचही गोष्टी एकाच खिडकीत ठरत.

आता बिघडले कुठे ते पाहा. हमीभाव हंगामाआधी ठरे आणि तो ठरवताना बाजारापेक्षा मतदारसंघ जास्त दिसत. बाहेर भाव चढला की सीमेलगतचा कापूस रात्रीतून गुजरात, मध्य प्रदेश, आंध्रात जाई. बाहेर भाव पडला की इथला सगळा कापूस केंद्रांवर येई आणि वर शेजारच्या राज्यांतलाही कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढून येई. तेजीच्या वर्षी महासंघाला नफा, पण थोड्या मालावर; मंदीच्या वर्षी तोटा, तोही भरपूर मालावर. अशा हिशेबात भावातला चढउतार झेलण्यासाठीचा निधी कितीही बांधला तरी तो पुरत नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच गळतीत आहे. गळती थांबवायची तर सीमेवर नाके लागतात. नाक्यावर गाडी थांबवण्याचा, ताडपत्री काढून बघण्याचा, माल जप्त करण्याचा अधिकार लागतो. आतल्या आणि बाहेरच्या भावातला फरक वाढला की नाके वाढवावे लागतात. हे कोणी जुलमी वृत्तीने करत नाही. एकच गिऱ्हाईक ठेवायचे ठरले की बाकीची गिऱ्हाइके हाकलण्याची व्यवस्था ओघानेच येते. स्वतःच्या शेतातला कापूस स्वतःच्या गाडीतून नेणारा माणूस त्यामुळे चोरटा ठरला. तुम्ही त्याला स्वातंत्र्याचा प्रश्न म्हटले नसेल, पण रात्री बैलांच्या गळ्यातली घुंगरे काढून निघणाऱ्या गाडीवानाला तो चांगला कळत असणार.

मात्र गोष्ट तिथून पुढे गेली नाही, हेही तितकेच खरे. शेतकरी संघटनेला याच प्रश्नावर मेळावे घेता आले, वर्तमानपत्रांना महासंघाचा तोटा छापता आला, आमदारांना विधानसभेत बोलता आले. २००२ च्या हंगामापासून खासगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली आणि एकाधिकार संपला, तोही क्रांतीविना. विक्रीचे स्वातंत्र्य गेले होते, बोलण्याचे शाबूत होते आणि दुसऱ्याच्या जोरावर पहिले परत मिळाले.

वर्तमानपत्राच्या कागदावरचे नियंत्रण हा केवळ परकीय चलनाचा प्रश्न होता, असे आमच्या प्राध्यापकांचे मत आहे. आर्थिक नियंत्रणाचा थेट परिणाम मतस्वातंत्र्यावर झाल्याचे भारतातले ठोस उदाहरण आहे का? (पुणे)

आहे, आणि ते तुमच्याच गावातले आहे. वर्तमानपत्रांची किंमत आणि पाने यांची सांगड घालणारा कायदा १९५६ चा, त्याखालचा आदेश १९६०चा. अमुक किमतीला आठवड्याला अमुकच पाने द्यायची, जास्त द्यायची तर किंमत वाढवायची. जाहिरातींच्या जागेवर आणि पुरवण्यांवरही मर्यादा. सरकारचे कारण असे की, मोठी पत्रे स्वस्तात जास्त पाने देऊन छोट्यांना मारतात, तेव्हा छोट्यांना संरक्षण हवे.

‘सकाळ’ तेव्हा आठवड्यातले पाच दिवस सहा पानी आणि एक दिवस चार पानी निघत असे. म्हणजे रविवार सोडून ३४ पाने, किंमत ७ नवे पैसे. आदेशाप्रमाणे या किमतीला २४ पानेच देता येत होती. मग एक तर १० पाने गाळा, नाही तर किंमत ८ पैसे करा. पाने गाळली तर मजकूर जातो. किंमत वाढवली तर काही वाचक जातात, खप घटतो आणि तोच मजकूर कमी लोकांपर्यंत पोहोचतो. जाहिराती कमी केल्या तर उत्पन्न घटते आणि किंमत वाढवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. कोणत्याही अधिकाऱ्याने एकही ओळ तपासायला मागितलेली नव्हती, हे लक्षात घ्या.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सप्टेंबर १९६१ मध्ये निकाल दिला. तो न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला. व्यवसायावर जनहितासाठी बंधने घालता येतात, पण ती घालताना अभिव्यक्तीवर थेट घाला येत असेल तर ‘हा फक्त व्यवसायाचा प्रश्न आहे’ म्हणून सुटका होत नाही. किती लोकांपर्यंत पोहोचायचे हाही अभिव्यक्तीचाच भाग. कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले.

तुमच्या प्राध्यापकांचा परकीय चलनाचा मुद्दा १९७२-७३ च्या कागद धोरणाला लागू पडतो. वृत्तपत्री कागद मुख्यतः आयात व्हायचा, देशात नेपानगरच्या गिरणीचा काय तो आधार. त्यामुळे कोटा असणे समजू शकते. पण त्या धोरणाने दहा पानांची कमाल मर्यादा घातली. खप कमी करून वाचवलेला स्वतःच्याच कोट्यातला कागद पाने वाढवायला वापरायचा नाही आणि एका मालकाने आपल्याच कोट्यातून नवे पत्र किंवा आवृत्ती काढायची नाही, असेही ठरवले. परकीय चलन वाचवायचे तर कोट्याचा एकूण आकडा ठरवला की काम झाले. दिलेल्या कागदाचे कोणी काय करावे, हे सांगण्याने एक डॉलरही वाचत नाही. ‘बेनेट कोलमन’ खटल्यात ऑक्टोबर १९७२ मध्ये पाचपैकी चार न्यायमूर्तींनी हीच फट पकडली आणि या अटी रद्द केल्या.

कोणतेही नियंत्रण वाचताना ही फट शोधावी. टंचाईशी ज्याचा संबंध आहे ते कलम कोणते आणि टंचाईच्या आडून वर्तन ठरवणारे कलम कोणते, हे वेगळे करता आले की निम्मे काम होते.

आर्थिक नियोजनाची वाट गुलामगिरीकडे जाते, हे अर्थतज्ज्ञ हायेक यांनी १९४४ मध्ये केलेले भाकीत खोटे ठरले असे का म्हणू नये? ब्रिटन आणि स्वीडन गुलामगिरीत गेले नाहीत. (ठाणे)

हायेक यांचा रोख केंद्रीय नियोजनावर होता. म्हणजे काय पिकवायचे, कोणी काय बनवायचे आणि कोणी कुठे काम करायचे हे एका केंद्रातून ठरवण्यावर. किमान अन्न, वस्त्र, निवारा आणि सामाजिक विमा यांना त्यांचा विरोध नव्हता. त्यामुळे सरकारी दवाखाना काढला की हुकूमशाही येते, असे त्यांच्या नावावर खपवणाऱ्यांनी त्यांचे नीट वाचलेले नसते. त्यांच्यावर उखडणाऱ्यांनीही बहुधा नसते.

ब्रिटनचा अनुभव अर्धा त्यांच्या बाजूचा आहे. युद्धानंतरच्या अॅटली सरकारने कोळसा, रेल्वे, पोलाद राष्ट्रीय केले. युद्धात कधीच नसलेले पावाचे रेशनिंग शांततेच्या काळात, जुलै १९४६ मध्ये आणले आणि दोन वर्षे चालवले. ऑक्टोबर १९४७ मध्ये तर नोकरी सरकारी रोजगार केंद्रामार्फतच धरायची असा आदेश काढला आणि माणसांना ठराविक उद्योगांकडे पाठवण्याचा अधिकार घेतला. नियोजनाला मजुरांची वाटणी करावी लागते, हे हायेक म्हणत होते ते असे समोर आले. पण तो अधिकार अगदी मोजक्या वेळा वापरला गेला, १९५० मध्ये आदेश गेला, १९५१ मध्ये सरकार पडले आणि जुलै १९५४ मध्ये शेवटचे रेशनिंगही संपले.

स्वीडनची गोष्ट वेगळी. तिथे कर जबर, पण कारखाने बहुतांश खासगी आणि माणूस नोकरी सोडायला मोकळा. मालकीला हात घालण्याचा प्रयत्न झाला तो १९८० च्या दशकात. कंपन्यांच्या नफ्यातून कामगार निधी उभारून त्यांनी शेअर घ्यायचे, अशी योजना होती. १९८३ मध्ये स्टॉकहोममध्ये तिच्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला, १९९१ मध्ये सत्ता बदलली आणि निधी गुंडाळले गेले. रस्ता एकेरी नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते. परत फिरलेल्या या दोन्ही देशांत विरोधकाची रोजीरोटी सरकारच्या हाती नव्हती, तेही विसरू नका.

मग सोव्हिएत संघात आणि चीनमध्ये नेमके काय वेगळे झाले? पायरी-पायरीने सांगाल का? (नागपूर)

सोव्हिएत संघात वेग भयानक होता. १९२९ च्या अखेरीपासून सामुदायिकीकरणाची सक्ती सुरू झाली. मार्च १९३० पर्यंत निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबे सामुदायिक शेतांत ‘सामील’ झाली. ‘कुलक’, म्हणजे सधन शेतकरी, ठरवून लाखोंना हद्दपार केले होते. सामील होण्यात खुषीचा भाग किती असेल ते समजून घ्या. २ मार्चला स्टालिनने लेख लिहून अतिउत्साही कार्यकर्त्यांवर खापर फोडले आणि काही महिने सक्ती सैल झाली. लगेच लोक धडाधड बाहेर पडले आणि उन्हाळ्यापर्यंत सामील कुटुंबांचे प्रमाण चतुर्थांशाच्या आसपास आले. लोकांचे मत काय होते याचा याहून चांगला पुरावा नसेल. मग दार पुन्हा बंद झाले.

नंतरचा क्रम असा. धान्य वसुलीचे आकडे वरून आले. शेतकऱ्याने कणसे लपवू नयेत म्हणून ७ ऑगस्ट १९३२ चा कायदा झाला: सामुदायिक शेतातली चोरी, मग ती मूठभर कणसांची असली तरी, शिक्षा मृत्यू, सौम्य परिस्थिती असेल तर किमान १० वर्षे. भुकेने लोक शहरांकडे निघाले. त्यांना रोखायला २७ डिसेंबर १९३२ रोजी अंतर्गत पासपोर्ट आले, आणि ते सर्वसाधारणपणे खेड्यातल्या शेतकऱ्यांना दिलेच नाहीत. २२ जानेवारी १९३३ च्या आदेशाने युक्रेन आणि कुबानमधून शेतकऱ्यांनी बाहेर पडण्यावर बंदी घातली. दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. सामुदायिक शेतांवरच्या लोकांना सर्रास पासपोर्ट देण्याचा निर्णय व्हायला १९७४ साल उजाडले.

पाहा, एकेका पायरीला स्वतःचे ‘आर्थिक’ कारण आहे. वसुली चुकते म्हणून चोरीचा कायदा, माणसे पळतात म्हणून पासपोर्ट.

चीनने हाच डाव अधिक पद्धतशीर मांडला. १९५३ पासून धान्याची एकाधिकार खरेदी. जानेवारी १९५८ मध्ये हुकू, म्हणजे घरनोंदणीचा कायदा. गावात नोंदलेल्या माणसाला परवानगीशिवाय शहरात राहता येईना, आणि शहरातले रेशन तर नोंदणीवरच. त्याच वर्षाच्या अखेरीस २६ हजारांच्या आसपास लोककम्यून, म्हणजे अनेक गावांची शेती एकत्र केलेले समूह, उभे राहिले. घरच्या चुली बंद करून सार्वजनिक खानावळी काढल्या. याकडे नीट पाहिले पाहिजे. घरात शिजत असते तोवर मुकादमाशी भांडणाऱ्या माणसाची मजुरी जाते. खानावळीत शिजू लागले की त्याचे जेवण जाते, आणि पळी ज्याच्या हातात तो पुढारी. महादुष्काळाच्या काळात विरोध करणाऱ्याचे, कमी काम करणाऱ्याचे ताट काढून घेणे ही नेहमीची शिक्षा झाली. त्यासाठी वेगळे पोलीस लागले नाहीत. १९७८ मध्ये आन्ह्वे प्रांतातल्या श्याओकांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी जमीन घरटी वाटून घेण्याचा करार केला, तो गुपचूप केला. आपापल्या वाट्याची शेती आपण कसणे एवढाच त्यांचा ‘गुन्हा’ होता.

आपल्याकडे हे का झाले नाही? प्रयत्नाचा सूर लागला होता. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. तिथेच चौधरी चरणसिंगांनी विरोध केला. काही महिन्यांत राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला. ठराव कागदावर राहिला, कारण ज्यांची जमीन एकत्र करायची तेच मतदार होते.

सहकारी साखर कारखाना, दूधसंघ हेही समूहवादीच ना? मग आम्ही सगळे गुलाम का? (सांगली)

मुळीच नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून कारखाना उभा केला, तो स्वखुषीचा समूह. सहकारी संस्था काढण्याचा हक्क तर २०१२ पासून संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, घटनेच्या १९(१)(ग) मध्ये. एकत्र येणे हे स्वातंत्र्याचे रूप आहे. अडचण येते ती बाहेर पडण्याची वाट बुजवली जाते तेव्हा.

ऊस हे त्याचे चांगले उदाहरण. १९८४ च्या महाराष्ट्राच्या आदेशाने प्रत्येक कारखान्याचे क्षेत्र राखीव झाले, तीच झोनबंदी. तुमचे शेत ज्याच्या क्षेत्रात, ऊस त्यालाच. मग तोडणीची तारीख हे हत्यार झाले. निवडणुकीत विरोधी पॅनेलमध्ये गेलेल्याचा ऊस शेवटी तुटायचा. उशिरा तुटलेला ऊस वाळतो, वजन घटते, खोडव्याचे नियोजन बिघडते आणि एकरी नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते. कारवाई म्हणून कुठे नोंद नाही, अपील करायला आदेश नाही. झोनबंदी उठल्यावर हे पुष्कळ कमी झाले.

पण अजून एक दार अर्धे लोटलेलेच आहे. दोन साखर कारखान्यांत किमान हवाई अंतर हवे, ही ऊस नियंत्रण आदेशातली अट: केंद्राचा नियम १५ किलोमीटरचा, महाराष्ट्रात २०११ पासून २५. नवा कारखाना जवळ येऊ शकत नाही, म्हणजे शेतकऱ्याची दुसरी गिऱ्हाइके मोजकीच. त्याच आदेशात १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यायचे, असेही आहे. ते व्याज किती जण मागतात? पुढच्या वर्षी ऊस त्याच काट्यावर घालायचा असतो.

सुवर्ण नियंत्रणाबद्दल आजोबांकडून ऐकले आहे. त्याचा स्वातंत्र्याशी काय संबंध? (कोल्हापूर)

जानेवारी १९६३ मध्ये चीन युद्धानंतर मोरारजी देसाईंनी नियम आणले. १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी. १४ कॅरट म्हणजे १०० पैकी ५८ भाग सोने. २२ कॅरटच्या मंगळसूत्राची सवय असलेल्या समाजाने ते नाकारले आणि हजारो सोनारांच्या हातचे काम गेले. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ च्या कायद्याने लगडी, बिस्किटे घरात ठेवायला बंदी, कारागिराला प्रमाणपत्र, सराफाला परवाना, आणि व्यक्तीकडे २ हजार ग्रॅमपेक्षा, कुटुंबाकडे ४ हजार ग्रॅमपेक्षा जास्त दागिने असतील तर ते जाहीर करण्याची सक्ती आली. मागणी हटली नाही, म्हणून तस्करी वाढली. तस्करी रोखायला १९७४ मध्ये कॉफेपोसा हा कायदा आला, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्धता. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ ने पकडलेले सोने तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आधीच ज्याच्याकडे ते सापडले त्याच्यावर टाकली होती. सुवर्ण कायदा १९९० मध्ये गेला. कॉफेपोसा अजून आहे. नियंत्रण उठते, त्यासाठी आणलेले पोलिसी अधिकार मागे राहतात. असे वारंवार झाले आहे.

आणीबाणी ही समाजवादी धोरणाचीच परिणती होती, असे म्हणता येईल का? (नाशिक रोड)

नाही. तिचे तात्कालिक कारण इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवणारा १२ जून १९७५ चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल. पंचवार्षिक योजना नसती तरी ती आणता आली असती. मात्र तयार हत्यारे हाताशी होती. कागदाचा कोटा सरकारकडे, मोठा जाहिरातदार सरकार, छापखान्याला वीज सरकारी. २५ जूनच्या रात्री दिल्लीच्या बहादुरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीजच तोडली गेली. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था केली. बातमीलाही दुसरे गिऱ्हाईक नको.

उलट बाजूही पाहा. १९७७ मध्ये स्वातंत्र्य परत आले ते अर्थव्यवस्था खुली होण्याच्या १४ वर्षे आधी. जनता सरकारच्या काळात वृत्तपत्रे मोकळी झाली आणि त्याच काळात फेरा या परकीय चलन कायद्याच्या अटींवरून कोकाकोला आणि आयबीएम देश सोडून गेले. ४४ व्या घटनादुरुस्तीने तर एका हाताने आणीबाणीतही जगण्याच्या हक्काला हात लावता येणार नाही अशी तजवीज केली आणि दुसऱ्या हाताने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. ‘अमुक केले की तमुक होतेच’ म्हणणाऱ्यांनी, दोन्ही बाजूंच्या, या दुरुस्तीचा अभ्यास करावा.

चिलीचा प्रश्नही दोन पत्रांत आहे. १९७३ च्या लष्करी उठावानंतर तिथे बाजार मोकळा आणि माणसे तुरुंगात, असे वर्षानुवर्षे चालले. बाजार खुला असणे स्वातंत्र्याला पुरेसे नाही, हे सिद्ध करायला ते एक उदाहरण बस्स आहे.

कांद्यावर निर्यातबंदी येते, साठ्यावर मर्यादा येते. असा आदेश हाती आला की सामान्य शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने त्यात काय पाहावे? (लासलगाव)

आधी कायदा कोणता ते पाहा. बरेच जण जीवनावश्यक वस्तू कायदा चाळत बसतात आणि निर्यातबंदी असते १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली, विदेश व्यापार महासंचालकांच्या अधिसूचनेने. डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी तशीच आली. तिची मुदत ३१ मार्च २०२४ लिहिलेली होती, ती वाढवली गेली आणि मे महिन्याच्या सुरुवातीला बंदी उठली ती किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. म्हणून मुदतीचे कलम वाचा, पण त्यावर माल अडवून धरू नका.

साठा मर्यादेचा आदेश मात्र १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ३ खालचा असतो. त्यात मर्यादा शेतकऱ्याला लागू आहे की फक्त व्यापाऱ्याला, घाऊक आणि किरकोळची मर्यादा किती, आधीचा जादा साठा किती दिवसांत कमी करायचा आणि साठा कुठे जाहीर करायचा, या चार गोष्टी लिहून काढा. जप्ती झाली तर कलम ६-अ खाली जिल्हाधिकारी माल सरकारजमा करू शकतात. त्याआधी लेखी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, ती मागा. परवाना आहे हे दाखवण्याची जबाबदारी कलम १४ प्रमाणे तुमची, म्हणून साठा नोंदवही त्या त्या दिवशीच भरा. आठवड्याची एकदम भरलेली वही शाईवरून ओळखू येते. हेतू वाईट नव्हता हे सिद्ध करणेही कलम १०-क ने तुमच्यावरच टाकले आहे. शिवाय १९८० चा काळाबाजार प्रतिबंधक कायदा वेगळा: त्यात खटल्याशिवाय सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. तसा आदेश निघाला तर त्याची कारणे लेखी मागा, सल्लागार मंडळापुढे निवेदन द्या आणि वकील त्याच दिवशी गाठा.

जीवनावश्यक वस्तू कायदा १९७६ पासून घटनेच्या नवव्या परिशिष्टात आहे, त्यामुळे कायद्यालाच मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देणे अवघड. त्याखालच्या एखाद्या विशिष्ट आदेशाला मात्र अधिकाराबाहेरचा किंवा मनमानी म्हणून उच्च न्यायालयात आव्हान देता येते. कलम ३ खालचे केंद्राचे आदेश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. त्यावर चर्चा क्वचित होते, पण आपल्या खासदाराला पत्र लिहायला तो धागा पुरतो. पत्रात आदेशाचा क्रमांक आणि तारीख न चुकता घाला.